स्कॉटलंडमधली लोकसंगीत गाणारी-वाजवणारी जोडी खरंच त्यावर पोट भरते का?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. यूट्यूबवर तुम्ही एक स्कॉटिश जोडी ऐकलीत, एकाकडे फिडल (म्हणजे व्हायोलिनच), दुसऱ्याकडे गिटार, बाकी काही नाही. हे लोक एवढ्यावर जगतात का, वर्षभर करतात काय, आणि दोघंच का, पूर्ण बँड का नाही? (भारतातून त्यांना पैसे कसे पोचवायचे, हेही तुम्ही विचारलंय, ते शेवटी.)

जगतात. पण तुम्ही व्हिडिओत पाहिलीत तशा मैफिलींवर नाही. मैफील हा त्यांच्या कामाचा सगळ्यात दिसणारा आणि बहुतेकदा सगळ्यात कमी पैसे देणारा भाग आहे.

मी एडिंबऱ्यात राहतो. संगीतातला नाही, श्रोता आहे. इथल्या एका फोक क्लबच्या समितीत काम करतो. काम म्हणजे खुर्च्या मांडणं, दारात तिकिटं देणं, मध्यंतरात लॉटरीच्या चिठ्ठ्या विकणं (इथे लॉटरीशिवाय फोक क्लब चालत नाही, बक्षीस बहुधा कुणाच्या तरी घरी पडून असलेली वाईनची बाटली) आणि पाहुण्या कलाकारांना रात्री आपल्या घरी झोपायला खोली देणं. हॉटेल क्लबला परवडत नाही, कलाकारांना तर त्याहून नाही. त्यामुळे मैफिलीनंतर रात्री साडेअकराला आमच्या स्वयंपाकघरात बसून चीज-टोस्ट खाताना ही मंडळी जे बोलतात, त्यावरून मला जे कळलं ते लिहितो.

आधी तिसरा प्रश्न घेतो, कारण बाकीचं त्यातच आहे.

दोघंच का, याचं संगीतातलं उत्तर जुनं आहे. स्कॉटिश नाचाच्या संगीताला एक धून लागते आणि तिच्या खाली एक ताल देणारा आधार लागतो. अठराव्या शतकातला सगळ्यात नावाजलेला फिडलवादक नील गाऊ (1727–1807) पर्थशायरमधल्या सरदारांच्या नाचांना वाजवायला जायचा, तेव्हा सोबत त्याचा भाऊ डोनाल्ड चेलो घेऊन असायचा. डेव्हिड ॲलन या चित्रकाराने 1780 मध्ये रंगवलेल्या, हायलँड्स या डोंगराळ भागातल्या एका लग्नाच्या चित्रात हे दोघं भाऊ दिसतात. म्हणजे दोघांत अख्खा नाच उभा करायची पद्धत इथे अडीचशे वर्षांपूर्वीही होती. आज ॲलिस्टर फ्रेझर आणि नॅटली हास ही जोडी पुन्हा फिडल आणि चेलो घेऊनच जगभर फिरते. शेटलंडचा ॲली बेन (फिडल) आणि एडिंबऱ्याचा फिल कनिंगहॅम (अकॉर्डियन) हे दोघं आधी वेगवेगळ्या मोठ्या बँडमध्ये होते आणि 1980च्या दशकाच्या शेवटी जोडी म्हणून फिरायला लागले.

पण माझ्या स्वयंपाकघरातलं उत्तर वेगळं आहे. समजा हॉलमध्ये 60 माणसं आली, तिकीट 15 पौंड. गल्ला 900 पौंड. त्यातून हॉलचं भाडं, संगीताच्या परवान्याचे पैसे, किरकोळ खर्च आणि क्लबची पुढच्या महिन्यासाठीची शिल्लक वजा करून कलाकारांच्या हातात 600 आले, तर रात्र चांगली गेली म्हणायची. दोघांत वाटले की माणशी 300, त्यातून पेट्रोल. चौघांचा बँड असेल तर माणशी 150, वर मोठी गाडी हवी, आणि माझ्याकडे चौघांना झोपवायला जागा नाही. एका साध्या गाडीत दोन माणसं, एक फिडल, एक गिटार, एक छोटा स्पीकर आणि सीडींचा खोका बरोबर मावतो. तिसरा माणूस आला की खोका बाहेर. मला वाटतं स्कॉटलंडमधल्या निम्म्याअधिक जोड्या या हिशोबातून जन्मल्या आहेत, सूर जुळणं हे नंतरचं.

त्या माणशी 300च्या मागचा दिवस बघा. ग्लासगोहून सकाळी निघायचं, उत्तरेला अलापूलला जायचं तर पाच तास तरी धरायचे, त्यात पर्थ ते इनव्हरनेस हा ए-9 रस्ता, ज्यावर सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत, म्हणजे घाई करून उपयोग नाही. संध्याकाळी पाचला गावच्या हॉलवर पोचायचं, स्वतःचा स्पीकर स्वतः लावायचा, आवाज तपासायचा. कुणीतरी सूप आणून देतं. साडेसातला सुरू. आधी गावातले दोन-तीन हौशी गायक एकेक गाणं म्हणतात, मग पाहुण्यांचे पाऊण-पाऊण तासाचे दोन भाग. मध्यंतरात घशाला आराम नाही, कारण तेव्हाच सीडी विकल्या जातात, आणि सीडी टेबलवर स्वतः कलाकार उभा असेल तरच विकली जाते. या प्रकारातला श्रोता साठीच्या पुढचा असतो, त्याच्या गाडीत अजून सीडी प्लेअर आहे. म्हणून ही मंडळी 2020च्या दशकातही सीडी छापून घेतात. एखाद्या रात्री त्या खोक्यातून आलेले पैसे हाच खरा नफा असतो.

बेटांवर जायचं तर अजून एक गोष्ट: बोट. अलापूलहून स्टॉर्नोवेला जाणारी फेरी हिवाळ्यात वाऱ्यामुळे सर्रास रद्द होते. बोट नाही तर मैफील नाही, मैफील नाही तर पैसे नाहीत, आणि इकडे अडकून पडलात तर परवाची मुख्य भूमीवरची मैफील वाचली एवढंच समाधान. शेटलंडला ॲबर्डीनहून रात्रभराची बोट. तरीही मी भेटलेल्या सगळ्यांना बेटांवर वाजवायला सगळ्यात जास्त आवडतं, कारण तिथे मैफिलीनंतर कुणी झोपायला जात नाही.

आता वर्षाचं गणित. स्कॉटिश जोडीचं वर्ष जानेवारीत कमावलं जातं. 25 जानेवारी हा स्कॉटलंडचा लाडका कवी रॉबर्ट बर्न्स याचा जन्मदिवस. त्या आसपास दोन-तीन आठवडे देशभर 'बर्न्स सपर' होतात: गोल्फ क्लबात, वकिलांच्या संघटनेत, बँकांच्या मेजवान्यांत, शाळांत. हॅगिस (मेंढीच्या काळीज-फुप्फुसांचा एक पदार्थ) वाजतगाजत आणलं जातं, त्याला उद्देशून कविता म्हटली जाते, भाषणं होतात, आणि मध्ये मध्ये बर्न्सची गाणी. ही गाणी म्हणायला माणसं लागतात आणि कंपन्यांचे कार्यक्रम असल्यामुळे पैसे बरे मिळतात. प्रेक्षकांतले निम्मे लोक तोवर व्हिस्कीत बुडालेले असतात, हा भाग वेगळा.

इथे एक विषयांतर करतो, कारण ते मला फार लागतं. बर्न्सने स्वतः या गाण्यांचे पैसे घ्यायला नकार दिला होता. जॉर्ज थॉमसन नावाच्या संपादकाने 1793 मध्ये त्याला पाच पौंड पाठवले, तर हा चिडला. देशाची गाणी गोळा करतोय, मजुरी कसली घ्यायची. मग जुलै 1796 मध्ये अंथरुणाला खिळलेला, एका दुकानदाराच्या थकबाकीपायी तुरुंगाची भीती वाटत असलेला बर्न्स त्याच थॉमसनला पत्र लिहून पाच पौंड मागतो. थॉमसनने ते पाठवले. त्याच महिन्यात बर्न्स गेला, वय 37. आज त्याच गाण्यांवर शेकडो कलाकारांचा जानेवारी निघतो.

ग्लासगोचा 'सेल्टिक कनेक्शन्स' महोत्सवही जानेवारीतच. 1994 मध्ये तो सुरू झाला त्याचं कारण अगदी व्यवहारी होतं: नाताळनंतर रॉयल कॉन्सर्ट हॉल रिकामा पडायचा. आज तो अडीच आठवडे चालतो. त्यात मुख्य मंचावर नाव लागणं मानाचं आहेच, पण जोड्यांसाठी खरं महत्त्वाचं असतं ते 'शोकेस स्कॉटलंड', जिथे देशोदेशीचे महोत्सव भरवणारे लोक येऊन कलाकार बघतात आणि वर्षाच्या तारखा ठरवतात. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक सुपाऱ्या द्यायला येतात, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हा प्रकार लगेच कळेल. फक्त इथे गळ्यात ओळखपत्रं असतात.

आणि गंमत म्हणजे ब्रिटनमध्ये स्वयंरोजगार करणाऱ्यांचं कराचं विवरणपत्र ऑनलाइन भरायची शेवटची तारीख 31 जानेवारी. म्हणजे सगळ्यात धावपळीच्या महिन्यातच वर्षभराच्या पेट्रोलच्या पावत्या शोधायच्या. आमच्याकडे नेहमी येणारी एक जोडी आहे, ती फिडल वाजवते, तो गातो आणि गिटार वाजवतो. एका जानेवारीत तो आमच्या डायनिंग टेबलवर पावत्यांची रास मांडून बसला होता आणि ती शेजारच्या खोलीत तीच आठ बारची (बार म्हणजे तालाचं एक छोटं आवर्तन) ओळ पुन्हा पुन्हा वाजवत होती. दर वेळी ती थांबली की हा ओरडून विचारायचा, "ओबान कधी गेलो होतो?"

उन्हाळ्यात लग्नं. इथल्या लग्नात संध्याकाळी केयली असतो, म्हणजे सगळ्यांनी मिळून नाचायचे पारंपरिक नाच, आणि त्याला जिवंत संगीत लागतं. एका लग्नात क्लबच्या दोन-तीन रात्रींइतके पैसे सुटतात. हे काम बाहेरून सोपं वाटतं, आहे मात्र कठीण. नाचाची धून बहुतेक 32 बारची असते: आठ बारचा पहिला भाग दोनदा, आठ बारचा दुसरा भाग दोनदा. नाचाची एक फेरीही तेवढ्यातच बसवलेली. आता पाहुण्यांतल्या निम्म्यांनी हे नाच कधी केलेले नाहीत, म्हणून पुढची हालचाल ओरडून सांगणारा एक माणूस लागतो. बँडमध्ये त्यासाठी वेगळा माणूस असतो. जोडीत तो कोण? फिडलवालीची हनुवटी फिडलवर. मग अकॉर्डियनवाला किंवा गिटारवाला. एका लग्नात मी अशा अकॉर्डियनवाल्याला अगदी जवळून बघत होतो: उजव्या हातात धून, डावा हात बासच्या बटणांवर, आणि तोंडाने तो आठवा बार संपायच्या आत "आता जोडीदार बदला" सांगतोय, कारण धून संपल्यावर सांगितलं तर नाचणारे एक फेरी मागे पडतात. तेवढ्यात नवऱ्याचा मामा चुकीच्या रांगेत घुसला. याने न थांबता फिडलवालीकडे नुसती मान हलवली, तिने दुसरा भाग तिसऱ्यांदा वाजवला, मामा जागेवर आला, गाडी पुढे. नाचणाऱ्यांपैकी कुणाला पत्ताही लागला नाही.

काही नाकं मुरडणारे लोक लग्नातल्या वाजवण्याला कमी समजतात. मला ते मूर्खपणाचं वाटतं. नील गाऊ हेच करत होता.

शिकवणं हा तिसरा आधार, आणि बऱ्याच जणांसाठी पहिला. 1981 मध्ये बॅरा नावाच्या बेटावर मुलांना गेलिक (इथली जुनी भाषा) गाणी आणि वाद्यं शिकवणारा पहिला 'फेश', म्हणजे उत्सव, भरला, त्यातून आज हायलँड्सभर पसरलेली चळवळ उभी राहिली. तिथे शिक्षक म्हणून याच मंडळींना बोलावतात. ग्लासगो, एडिंबऱ्यात मोठ्या माणसांचे संध्याकाळचे वर्ग आहेत. स्काय बेटावरच्या सावल मोर ओस्टेग या गेलिक महाविद्यालयात उन्हाळी आठवडे असतात, आणि त्यांना अमेरिकेतून लोक येतात. 2020 च्या टाळेबंदीत सगळे ऑनलाइन शिकवायला लागले आणि बऱ्याच जणांनी ते सोडलंच नाही. मंगळवारी रात्री कॅलिफोर्नियातल्या निवृत्त दंतवैद्याला स्ट्रॅथस्पे (नाचाच्या धुनेचा एक स्कॉटिश प्रकार) शिकवणं, याला पेट्रोल लागत नाही. आता तर ग्लासगोच्या रॉयल कन्झर्व्हेटॉयरमध्ये 1996 पासून स्कॉटिश संगीतात पदवीच घेता येते. त्यामुळे उत्तम वाजवणारी मुलं भरपूर झाली आहेत. गावचे हॉल मात्र होते तेवढेच आहेत.

गाणी येतात कुठून? हे काम कुणाला दिसत नाही. ॲबर्डीनशायरमध्ये गॅव्हिन ग्रेग हा शाळामास्तर आणि जेम्स डंकन हा पाद्री यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हजारो गाणी उतरवून घेतली, ती आज आठ जाड खंडांत आहेत. एडिंबरा विद्यापीठात 1951 मध्ये स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज सुरू झालं. तिथल्या हॅमिश हेंडरसनने 1953 मध्ये ॲबर्डीनच्या जीनी रॉबर्टसनचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. ती भटक्या समाजातली बाई, तिच्या आवाजातली लांबलचक बॅलड, म्हणजे कथा सांगणारी गाणी, आजही प्रत्येक गायक ऐकतो. त्या संग्रहातलं बरंच आता इंटरनेटवर ऐकता येतं. जोडी काय करते, तर वीस कडव्यांचं गाणं घेते, त्यातली नऊ ठेवते, दुसऱ्या खेड्यातली चाल लावते, मध्ये एक रील, म्हणजे नाचाची जलद धून, घालते. मग ते रॉयल्टी गोळा करणाऱ्या पीआरएस या संस्थेकडे 'पारंपरिक, मांडणी अमुक-तमुक' म्हणून नोंदवते. मूळ गाणं कुणाच्याच मालकीचं नाही, पण मांडणी त्यांची. रेडिओवर वाजलं, मैफिलीत वाजवलं, की काही पैसे येतात, अट एवढीच की प्रत्येक मैफिलीनंतर वाजवलेल्या गाण्यांची यादी भरून पाठवायची. आमच्याकडे येणाऱ्या त्या जोडीत हे काम तिच्याकडे आहे. मोठे आळशी लोक हे वर्षानुवर्षं करत नाहीत आणि मग पैसे नाहीत म्हणून रडतात.

जोडी म्हणून कुणाचं आयुष्य सगळ्यात भरभरून गेलं असेल तर 'द कॉरीज'चं. रॉय विल्यमसन आणि रॉनी ब्राऊन, दोघं एडिंबऱ्याच्या कला महाविद्यालयातले. आधी मोठा गट होता, एकेक जण गेला आणि 1966 पासून हे दोघंच उरले. पुढची चोवीस वर्षं, विल्यमसन 1990 मध्ये मेंदूच्या गाठीने जाईपर्यंत, त्यांनी हॉल भरले. पुढे रेकॉर्ड कंपनीही स्वतःचीच काढली. विल्यमसन हाताचा कारागीर होता. मंचावर ढिगाने वाद्यं लागायची, म्हणून त्याने 1969 च्या उन्हाळ्यात 'कॉम्बोलिन' नावाची दोन वाद्यं बनवली, प्रत्येकात दोन-तीन वाद्यं एकत्र. त्यातल्या त्याच्या स्वतःच्या वाद्याला सतारीसारख्या तेरा तरफा होत्या, मुख्य तारा छेडल्या की आपोआप गुंजणाऱ्या. मिरजेच्या कारागिरांना ते बघून काय वाटलं असतं, हा माझा आवडता निरर्थक प्रश्न. त्याने लिहिलेलं एक गाणं आज रग्बी आणि फुटबॉलच्या सामन्यांत राष्ट्रगीत म्हणून हजारो लोक गातात. पण कॉरीजचं उदाहरण नव्या पोरांनी डोळ्यांपुढे ठेवू नये. तेव्हा टीव्हीला दोनच-तीन वाहिन्या होत्या आणि त्यांवर हे दोघं होते.

परदेश दौरे आता आधीसारखे राहिलेले नाहीत. डेन्मार्क, जर्मनी, नेदरलँड्स ही स्कॉटिश लोकसंगीताची जुनी गिऱ्हाइकं. ब्रेक्झिटमुळे 2021 पासून ब्रिटिश माणसाला युरोपातल्या शेंगेन देशांत 180 पैकी 90 दिवसच राहता येतं, काही देशांत कामाचा वेगळा परवाना लागतो, आणि विकायला नेलेल्या सीडींचे कस्टमचे कागद करावे लागतात. पन्नास सीडींसाठी कागद करायचे की सीडी न्यायच्याच नाहीत? बरेच जण नेत नाहीत, म्हणजे तो खोक्यातला नफा गेला. अमेरिकेत पैसे बरे, पण कलाकारांच्या व्हिसाच्या अर्जाची 460 डॉलरची फी एप्रिल 2024 मध्ये हजाराच्या वर गेली (छोट्या अर्जदारांना सवलत आहे), वर वकील. हे पैसे पहिली धून वाजायच्या आधी जातात.

राहिलं दोघांमधलं नातं. लोक गृहीत धरतात की हे नवरा-बायको असणार. काही असतात, काही बहीणभाऊ असतात, आमच्याकडे येणारी जोडी दोन्ही नाही. तिचा नवरा प्लंबर आहे आणि घराचा हप्ता तोच भरतो, हे ती हसत सांगते, पण सांगते. त्या दोघांचे काही नियम आहेत: जाताना पर्थ येईपर्यंत संगीतावर बोलायचं नाही, परत येताना कालच्या चुकांवर बोलायचं नाही, आणि पैसे त्याच रात्री वाटायचे, उद्यावर ठेवायचे नाहीत. प्रत्येक खर्च अर्धा-अर्धा, तिच्या फिडलच्या तारा गिटारच्या तारांपेक्षा महाग असल्या तरी. यावर त्यांचं एकदा जोरात वाजलं होतं, एवढंच मला माहीत आहे.

तुम्ही शेवटी विचारलंय की भारतातून त्यांना पैसे कसे पोचवता येतील. सीडी मागवू नका, टपालखर्च फार होतो. बहुतेक जोड्या बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या साइटवर असतात. तिथे डिजिटल अल्बम घेतलात तर साइट साधारण 15 टक्के कापते, पैसे पाठवण्याचं थोडं शुल्क जातं, आणि बाकी कलाकाराला मिळतं. किंमत भरायच्या चौकटीत लिहिलेल्या आकड्यापेक्षा जास्त रक्कमही टाकता येते.